कान दुखतोय पण कानात काहीच नाही: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की वय ४१, पाच महिन्यांपासून उजव्या बाजूला दुखतंय, सुरुवात कानापासून झाली, मग कानाच्या पुढे जबड्यात, मग कानशिलात आणि आता घशात उजवीकडे आत खोल काहीतरी टोचल्यासारखं. कान तपासून "एकदम क्लिअर" सांगितलं तरी ड्रॉप्स दिले, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, मधे वरच्या एका दाढेचं रूट कॅनाल झालं, त्यानेही काही फरक नाही. एमआरआय नॉर्मल, फक्त त्यात सायनसला किंचित सूज असं लिहिलंय. सकाळी उठल्यावर जास्त, जांभई देताना कट् असा आवाज येतो, कान दडा बसल्यासारखा वाटतो पण ऐकू नीट येतं. आणि आता रात्री जागून वाचून वाचून कॅन्सरची भीती बसलीय.

मी कान नाक घशाचा डॉक्टर, पंचवीसेक वर्षं हेच करतोय. न तपासता निदान सांगता येत नाही हे आधीच सांगतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात बराच माल आहे, आणि खरं सांगायचं तर या भागाच्या दुखण्यात निम्म्याहून जास्त निदान नुसतं ऐकूनच होतं, स्कॅन वगैरे नंतर. लोक "कुठे दुखतं" तेवढं बोट ठेवून दाखवतात, डॉक्टरही तिथेच बघतात. खरं विचारायला पाहिजे की कधी दुखतं, किती वेळ राहतं, आणि काय केलं की दुखतं.

आधी वायरिंग समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. कान एवढासा, पण त्याची संवेदना नेणाऱ्या नसा पाच ठिकाणांहून येतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी, सातवी, नववी आणि दहावी, शिवाय मानेच्या वरच्या मणक्यांमधून येणाऱ्या दुसऱ्या तिसऱ्या नसा. आता गंमत बघा, पाचवी नस दात, जबडा, जबड्याचा सांधा आणि सायनसचंही बघते. नववी टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचं बघते. दहावी स्वरयंत्र आणि घशाच्या खालच्या भागाचं. म्हणजे एकाच बेलला पाच घरं जोडलेली आहेत, बेल वाजली की मेंदू सरळ "कान" म्हणून मोकळा होतो. काही लोकांना कानात कापसाची काडी फिरवली की खोकला येतो, ते याच दहाव्या नसेच्या कानातल्या फांदीमुळे. (काडी घालू नका, हे फक्त उदाहरण म्हणून.) तर कान स्वच्छ असूनही जो दुखतो त्याला आम्ही रेफर्ड पेन म्हणतो, आणि मोठ्या माणसांमध्ये हा प्रकार इतका कॉमन आहे की कान क्लिअर दिसला की माझं काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

कान स्वतःच दुखत असेल तर तो बहुतेक वेळा लपत नाही. कानाच्या भोकापुढची ती छोटी पाळी दाबली किंवा कान ओढला आणि कळ आली तर बाहेरच्या नळीचं इन्फेक्शन, मधल्या कानाचं असेल तर सर्दी होऊन गेलेली असते, ठणका असतो, ऐकू कमी येतं, कधी कान वाहतो. अपवाद एकच लक्षात ठेवा, वयस्कर आणि डायबेटिस असलेल्या माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका दुखत असेल आणि ड्रॉप्सनी आठवड्या दोन आठवड्यांत फरक नसेल तर इन्फेक्शन कवटीच्या तळाच्या हाडात उतरलेलं असू शकतं, तो जिवावरचा प्रकार आहे. तुमचं यातलं काहीच नाही. त्यामुळे ते ड्रॉप्स बंद करू का हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्या, पाच महिने क्लिअर कानात औषध घालून काय मिळणार.

आता तुमच्या वर्णनाशी सगळ्यात जास्त काय जुळतं ते सांगतो: जबड्याचा सांधा आणि चावायचे स्नायू. लोकांना वाटतं सांधा म्हटलं की गुडघा, खांदा, पण दिवसात शेकडो वेळा हलणारा हा सांधा कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात आहे, मधे पातळ हाडाची भिंत तेवढी. आत्ता बसल्या जागी करून बघा, दोन्ही करंगळ्या कानात हलक्या घाला, बोटाचा पुढचा भाग चेहऱ्याकडे, आणि तोंड उघडा मिटा, काहीतरी पुढे मागे सरकतंय ते जाणवेल, तोच सांधा. त्यात एक चकती असते, ती जागेवरून थोडी पुढे सरकली की तोंड उघडताना ती परत जागेवर बसते आणि कट् वाजतं. नुसतं वाजतं, दुखत नाही, अडकत नाही, तर त्याला काहीही करायचं नसतं, असे वाजणारे जबडे भरपूर लोकांचे असतात. पण ज्याचं पूर्वी वाजायचं त्याचं एक दिवस वाजायचं बंद झालं आणि तोंडच अर्धं उघडतंय असं झालं तर चकती अडकलीय, तेव्हा लगेच दाखवा, उशीर केला की अवघड जातं. साधी मोजणी म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा.

माझ्या अनुभवात मात्र सांध्यापेक्षा स्नायू जास्त छळतात. गालातला चावायचा स्नायू (दात दाबलेत की गालात जो गोळा येतो तो), कानशिलातला पंख्यासारखा पसरलेला, आणि जबड्याच्या आतल्या बाजूला लपलेले दोन. गालातला दुखावला की कान दुखतो आणि वरच्या खालच्या दाढाही दुखल्यासारख्या वाटतात. कानशिलातला दुखावला की डोकं आणि वरचे दात. आणि आतल्या बाजूचा दुखावला की घशात, गिळताना, जिभेच्या मागे, अगदी तुम्ही म्हणताय तसं टोचल्यासारखं. माणूस तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे तीन दुखणी घेऊन जातो आणि मालक एकच असतो. कान दडा बसल्यासारखा वाटणं, कानात गुंई आवाज, हेही यात येतं.

हे नवीन काही नाही. १९३४ साली जेम्स कॉस्टेन या अमेरिकन ईएनटी डॉक्टरनेच जबड्याचा सांधा आणि कानाची लक्षणं यांची सांगड घालणारा लेख लिहिला होता. दाढा पडल्या की जबडा मागे सरकून दाब देतो असं त्याचं म्हणणं, ते शास्त्र पुढे टिकलं नाही, पण त्याने जे पाहिलं ते बरोबर होतं. तरी आजही या दुखण्याला घर नाही, ईएनटीवाले म्हणतात दाताचं, डेंटिस्ट म्हणतात कानाचं, फिजिशियन म्हणतात टेन्शन घेऊ नका.

कारण काय तर बहुतेकदा दात आवळणं. झोपेत करकर दात खाणारे तर असतातच, पण त्याहून जास्त लोक दिवसा आवळतात आणि त्यांना पत्ताच नसतो, स्क्रीनसमोर, गाडी चालवताना, जड उचलताना, राग गिळताना. ओठ मिटलेले असताना वरचे खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात, मधे दोन ते चार मिलिमीटर फट असते, हे मी सांगितलं की निम्मे पेशंट आ वासून बघतात (चांगला व्यायाम होतो). सकाळी उठल्या उठल्या जास्त दुखत असेल तर रात्री आवळताय, संध्याकाळपर्यंत वाढत जात असेल तर दिवसा. तुमचं सकाळी जास्त आहे आणि त्यात कट् आवाज, म्हणून माझं बोट इकडे जातं. आरशात जिभेच्या कडेला दातांच्या खुणा आणि गालाच्या आत पांढरी आडवी रेघ दिसते का बघा, दिसली तर संशय वाढतो, नाही दिसली तरी जात नाही.

यावर उपाय इतके साधे आहेत की लोकांचा विश्वास बसत नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकी टेकवलेली, ही स्थिती दिवसातून वीस पंचवीस वेळा आठवून आठवून आणायची, फोनवर गजर लावा, दारावर चिठ्ठी चिकटवा, काहीही करा. दोनेक आठवडे चावायला कडक, चिवट बंद, च्युइंगगम तर कायमचं बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरून अर्धीच. गरम ओला टॉवेल गालावर पंधरा वीस मिनिटं, दिवसातून दोन तीनदा. सूज कमी करणारी वेदनाशामक गोळी काही दिवस चालते पण पोट, किडनी, बीपी यांचा प्रश्न नाही ना हे विचारूनच. रात्रीसाठी डेंटिस्टकडून मापाचा नाईट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच), दुकानातला गरम पाण्यात मऊ करून चावायचा मिळतो तो काही जणांना उलट जास्त आवळायला लावतो. मान आणि जबड्याची फिजिओथेरपी फार उपयोगी, विशेषतः ज्यांची मान दिवसभर पुढे काढलेली असते त्यांना. सहा ते आठ आठवडे द्या, बहुतेक लोक एवढ्यावर बरे होतात. कोणी पहिल्याच भेटीत दात घासून चाव्याची ठेवण बदलू किंवा सांध्याचं ऑपरेशन करू म्हणालं तर दुसरं मत घ्या, घासलेला दात परत उगवत नाही.

दातांकडे येऊ. दाताची नस सुजली की माणूस नेमका दात दाखवू शकत नाही, खालच्या दाढेचं दुखणं वर वाटतं, वरचं खाली, कानात तर हमखास, पण एक नियम पाळला जातो, ते दुसऱ्या बाजूला जात नाही. उजवीकडचा दात डावीकडे दुखत नाही. गार लागलं की कळ येते आणि गार गेल्यावर दोन सेकंदात थांबली तर नस अजून वाचू शकते, मिनिट मिनिट रेंगाळत राहिली किंवा रात्री आडवं झाल्यावर ठसठस वाढली तर नस गेली समजा. दाढेला चीर गेलेली असेल तर वेगळीच खूण, चावताना नाही तर चावून दात सोडताना झटका बसतो, आणि एक्सरेत चीर बहुतेकदा दिसतच नाही. अर्धी उगवलेली खालची अक्कलदाढ तर या सगळ्या भागाची खलनायिका, हिरडीखाली अन्न अडकून सूज येते, मग कान दुखतो, गिळताना दुखतं, तोंड उघडत नाही, आणि पेशंट घसा दुखतो म्हणून माझ्याकडे येतो. त्यात जिभेखाली, हनुवटीखाली टणक सूज, लाळ गिळता न येणं, श्वास लागणं असं काही सुरू झालं तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी.

तुमचं रूट कॅनाल का केलं मला माहीत नाही, खरंच दाढ खराब असेल. पण दाढेवर संशय असेल तर आधी गार टेस्ट, ठोकून बघणं, त्या एका दाताचा एक्सरे, आणि तरी खात्री नसेल तर तेवढा भाग भूल देऊन बघता येतो, दात बधिर झाला तरी दुखणं तसंच असेल तर चोर दुसरा आहे. एवढी साधी गोष्ट न करता दात काढलेले लोक मी खूप पाहिलेत.

त्यातले सगळ्यात दुर्दैवी म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियावाले, पाचव्या नसेचं दुखणं. हे दुखणं म्हणजे ठणका नाही, सणक. वीज चमकावी तशी गालातून, जबड्यातून जाते, सेकंदभर, फार तर दोन मिनिटं, परत परत, आणि तिचं बटन असतं, तोंड धुताना, ब्रश करताना, वारा लागला, बोलायला तोंड उघडलं की सणक. काही लोक त्या बाजूची दाढी करायची सोडतात, काही जेवण टाळून वजन घालवतात. बहुतेक वेळा पन्नाशीनंतर होतं, आणि बऱ्याच जणांत कारण असं की मेंदूच्या बुंध्याजवळ एखादी रक्तवाहिनी त्या नसेला घासत असते. साध्या पेनकिलरचा उपयोग शून्य. कार्बामाझेपिन या फिट्सच्या औषधाने मात्र बहुतेकांना सुरुवातीला चांगलाच आराम पडतो, १९६० च्या दशकापासून ते यासाठी वापरतात. पण ते मनाने घ्यायचं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि आशियाई वंशाच्या काही लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे अंगावर भयंकर पुरळ उठून जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी ती टेस्ट करतात. तरुण माणसाला हे झालं किंवा गाल बधिर असेल तर एमआरआय लागतोच, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) किंवा गाठ नाही ना बघायला. तुमचं दुखणं तासन्तास राहतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे बसत नाही.

याचाच एक दुर्मिळ चुलतभाऊ नवव्या नसेचा. तशीच सणक, पण जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलजवळ, तिथून कानात, आणि बटन म्हणजे गिळणं, खोकणं, बोलणं. काहींना त्या वेळी नाडी मंद होऊन चक्कर येते, पडतातही.

आणि नागीण. चेहऱ्यावर किंवा कानात पुरळ यायच्या दोन तीन दिवस आधी नुसतं दुखतं, तेव्हा कोणीही फसतो. कानात किंवा कानाच्या पाळीवर फोड, भयंकर दुखणं आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं झालं तर तो रॅमसे हंट सिंड्रोम, व्हायरसवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर चेहरा परत येण्याची शक्यता बरीच वाढते, म्हणून यात उद्या परवा करायचं नाही.

सायनसबद्दल मला जरा चिडूनच लिहायचंय. तुमच्या रिपोर्टमधली किंचित सूज विसरून जा. काहीही त्रास नसलेल्या माणसांचा स्कॅन काढला तरी त्यात अशी सूज भरपूर सापडते. खरा सायनुसायटिस म्हणजे नाक चोंदलेलं, घट्ट पिवळा हिरवा शेंबूड, वास न येणं, वाकल्यावर गाल जड, आणि सर्दीनंतर दहा दिवस उलटूनही कमी न होणं. नाक मोकळं असताना महिनोन्महिने दुखणारा चेहरा सायनसचा क्वचितच असतो. २००४ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, सायनसचं डोकं दुखतं असं स्वतः किंवा डॉक्टरांनी ठरवलेले जवळपास ३००० लोक तपासले, त्यातल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या जातीचं निघालं. मायग्रेन गालात, डोळ्यामागे, अगदी जबड्यातही दुखू शकतं, वर नाक चोंदतं, डोळ्यात पाणी येतं, मग सायनस म्हणून अँटिबायोटिक, मग दोन दिवसांनी मायग्रेन आपोआप उतरतं आणि क्रेडिट अँटिबायोटिकला.

आता घसा, आणि तुमची भीती. साधा टॉन्सिलचा दाह असला की कान दुखतोच, पण तो चार सहा दिवसांचा खेळ. एका बाजूला पू झाला तर ताप, तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज, तोंड उघडत नाही, पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली, ते लगेच काढावं लागतं. पित्त वर येऊन घशात जळजळ, गोळा अडकल्यासारखं वाटणं हेही असतं, मात्र गोळा वाटणं दोन्हीकडे किंवा मधोमध असतं आणि गंमत म्हणजे जेवताना बरं वाटतं.

कॅन्सरचं स्पष्टच बोलतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक मी विसरलेलो नाही. साठीकडे आलेले गृहस्थ, विडी ओढणारे, एकच कान दुखतो म्हणून आले. कान स्वच्छ. मी ड्रॉप्स दिले, परत आले, दुसरे ड्रॉप्स दिले, असे सहा आठवडे गेले. मग एका सिनियरने त्यांचा घसा खालपर्यंत बघितला, स्वरयंत्राच्या बाजूच्या खोबणीत गाठ होती. कान बिचारा पाच घरांची बेल वाजवत होता आणि मी बेललाच तेल घालत बसलो होतो. तेव्हापासून माझा नियम आहे, मोठ्या माणसाचा एकच कान दोन तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखतोय, कान नॉर्मल आहे आणि दुसरं कारण हातात लागत नाही, तर नाकातून दुर्बीण घालून घसा बघितल्याशिवाय पेशंटला सोडायचं नाही. पाच मिनिटांचं काम, बधिर करणारा स्प्रे मारतात, थोडं कसंतरी होतं बाकी काही नाही. धोक्याच्या खुणा म्हणजे तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं व्रण, पांढरा लाल चट्टा, मानेत न दुखणारी गाठ, गिळताना अडकणं, थुंकीत रक्त, वजन उतरणं, एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा, आणि खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं. तंबाखू, विडी सिगारेट, दारू असेल तर शंका दुप्पट. यातलं तुमच्याकडे काहीही नाही, तरी पाच महिने एकाच बाजूला दुखतंय आणि एमआरआयने घशाच्या आतली त्वचा डोळ्याने बघितल्यासारखी दिसत नाही, म्हणून दुर्बीण करून घ्या. भीती घालवायला म्हणूनही करा, भीतीने दात जास्त आवळले जातात हे वेगळंच.

काही कारणं अशी आहेत की डॉक्टरच्या डोक्यात आली नाहीत तर सापडत नाहीत. कानाखाली कवटीला सुईसारखं एक हाड असतं, साधारण अडीच तीन सेंटिमीटरचं, ते लांब असेल तर मान वळवताना, गिळताना घशात टोचतं आणि कानात जातं. वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये हे मांडलं म्हणून ईगल सिंड्रोम. टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबलं की तेच ओळखीचं दुखणं उठतं, आणि सिटी स्कॅनमध्ये लांबी कळते. पण लांब हाड असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही, त्यामुळे रिपोर्टवर लांबी वाचून ऑपरेशनला धावू नका. तुमच्या घशातल्या टोचण्यासाठी ही एक शक्यता मी दुसऱ्या नंबरवर ठेवीन.

लाळग्रंथीतला खडा ओळखायला सगळ्यात सोपा, जेवायला बसलं की किंवा आंबट काही नुसतं डोळ्यासमोर आलं की जबड्याखाली गोळा फुगतो, ताणून दुखतो, तासा दोन तासात उतरतो. दहातले आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात.

थायरॉइडचा दाह मात्र भले भले चुकवतात. सर्दी तापानंतर दोन चार आठवड्यांनी गळ्यात पुढे दुखायला लागतं, तिथून जबड्यात आणि कानात, कधी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सरकतं, सोबत बारीक ताप, धडधड, हात थरथरणं, आणि हा बायकांमध्ये जास्त. सगळे घसा बघतात, घसा साफ, अँटिबायोटिक चालू. गळ्यावर पुढे बोट दाबून बघितलं तर लगेच कळतं, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) खूप वाढलेला असतो, आणि त्याला अँटिबायोटिक नाही, दाह कमी करणारं औषध लागतं. मानेचे मणके आणि मानेच्या बाजूचा तिरका स्नायू हेही कान आणि गाल दुखवतात, ते मान वळवली की वाढतं.

आता थांबायचं नाही अशा तीन गोष्टी, या तुमच्यासाठी कमी आणि घरातल्या मोठ्यांसाठी जास्त. जिना चढला, भरभर चाललं की खालच्या जबड्यात, घशात आवळल्यासारखं आणि थांबलं की बरं, ते हृदयाचं समजून चाला, छातीत दुखलंच पाहिजे असं नाही, बायकांमध्ये आणि डायबेटिसवाल्यांत तर बऱ्याचदा नसतंच. बसल्या बसल्या असं दुखलं आणि घाम, धाप, मळमळ असेल तर दात बघत बसू नका, ॲम्ब्युलन्स. दुसरी, पन्नाशीच्या पुढे नव्याने कानशील दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू दुखते आणि चार घास चावले की जबडा दमून दुखतो, थांबलं की बरा होतो, हा रक्तवाहिनीचा दाह, यात अचानक कायमचा अंधपणा येऊ शकतो, ईएसआर आणि तशीच दुसरी सीआरपी या रक्ततपासण्या त्याच दिवशी आणि संशय पक्का असेल तर बायोप्सीची वाट न बघता स्टिरॉइड सुरू करतात. तिसरी, मानेला हिसका बसल्यावर किंवा विनाकारणही एका बाजूची मान आणि चेहरा अचानक दुखायला लागला आणि त्याच बाजूची पापणी खाली आली, बाहुली बारीक झाली, तर मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला आतून चीर गेलेली असू शकते, पुढे पॅरालिसिसचा धोका.

तर दाखवायचं कोणाला. आधी ईएनटी, पण "माझा कान बघा" म्हणू नका, "नाकातून दुर्बीण घालून घसा बघा, आणि टॉन्सिलची जागा व जिभेचं मूळ बोटाने दाबून बघा" असं म्हणा, आणि मानेतल्या गाठी चाचपल्या का बघा. ते क्लिअर आलं की ओरल मेडिसिनचे किंवा जबड्याच्या दुखण्याचं काम करणारे डेंटिस्ट शोधा, जे दातात आरसा घालण्याआधी तुमच्या गालाचे आणि कानशिलाचे स्नायू दाबून बघतील आणि विचारतील की "हेच का तुमचं ते दुखणं?" तुम्ही हो म्हणालात की अर्धं काम झालं. एमआरआय घेऊन जा, तो मेंदूचा काढलेला असेल तर जबड्याच्या चकतीसाठी वेगळा काढावा लागतो, पण तोही जबडा अडकत असेल तरच, नुसत्या कट् आवाजासाठी नाही. पेनकिलर रोज रोज खात असाल तर त्यानेच डोकं दुखत राहतं हेही बघा, महिन्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त झालं की हा प्रकार सुरू होऊ शकतो.

भेटीच्या आधी दहा बारा दिवस एका वहीत लिहा, किती वाजता दुखलं, किती वेळ, तेव्हा काय करत होतात, दात टेकलेले होते का. आणि रूट कॅनाल केलेल्या त्या दाढेवर कॅप बसवायची राहिली असेल तर ती बसवून घ्या, नाहीतर आवळून आवळून तीही फुटेल. तोपर्यंत कोणी शेजारची दाढ काढू म्हणालं तर नको म्हणा.